डावीकडे बसणारी गाडी

गाडी बसते. आमच्या धंद्यातला हा रोजचा शब्द. पाट्यांतला, म्हणजे मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांतला, दम संपला की गाडीचं मागचं अंग खाली येतं, चाक मडगार्डात शिरतं, आणि गिऱ्हाईक येऊन सांगतं, "गाडी बसलीय." मग ती उठवायची. सौदीतल्या बुरैद्याच्या सनायात, म्हणजे शहराबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीत, मी वर्षानुवर्षं हेच काम केलं. इंजिनवाला वेगळा, रंगवाला वेगळा, एसीवाला वेगळा. मी खालचा माणूस. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये जे काही असतं ते माझं : पाटे, स्प्रिंगा, शॉकअप, बुश. सौदीत पाना हातात धरणाऱ्या प्रत्येकाला लोक 'मुहंदिस' म्हणतात, म्हणजे इंजिनिअर. श्रीवर्धनच्या शाळेत गणितात गटांगळ्या खाणाऱ्या माणसाला दिवसभर कोणी इंजिनिअर म्हणत असेल, तर तो आयुष्यभर गाडीच्या पोटाखाली झोपायला तयार होतो.

खजुराच्या हंगामात आमच्याकडे पिकअपवाल्यांची रांग लागायची. बुरैद्याचा खजूरबाजार मोठा. प्रत्येकाला एक जादा पाटा घालून हवा असायचा, म्हणजे ओझं दुप्पट भरता येतं. हंगाम संपला की तेच लोक परत यायचे. "मुहंदिस, रिकामी गाडी उड्या मारते. बायको म्हणते, कंबर मोडली." मी त्यांना सांगायचो, बाबांनो, खजूर आणि बायको यांना एकच स्प्रिंग कशी चालेल? हे एवढं कळलं की आमचा निम्मा धंदा कळला. स्प्रिंगला किती वजन येणार हे आधी ठाऊक असावं लागतं. गाडीत कोण बसणार आहे, हे विचारल्याशिवाय मी कधी काम हातात घेतलं नाही.

आता इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, जमा करून मी गावी परतलोय. लोक विचारतात तेव्हा मी बहुतेक खजूरवाल्यांचेच किस्से सांगतो. पुढची गोष्ट आजवर फक्त घरात सांगितली होती.

ती गाडी सतह्यावरून आली. सतहा म्हणजे बंद गाड्या वाहून नेणारा सपाट ट्रक. गाडी काळी, दोन दारांची, लांब नाकाची, जुनी अमेरिकन; हौशी लोक ज्यांना मसल कार म्हणतात त्यांतली. या गाड्यांची गंमत अशी की पुढे राक्षसासारखं इंजिन असतं आणि मागे टांग्याला असतात तसले पाटे. ताकद सगळी मागच्या चाकांना आणि मागचं अंग मात्र आजोबांच्या जमान्यातलं. जोरात ॲक्सिलेटर दाबला तर पाटे पिळवटतात आणि गाडीचं ढुंगण नाचतं.

सतह्याच्या मागून एक छोटी पांढरी गाडी आली आणि तिच्यातून एक बाई उतरल्या. अबाया, निकाब, त्यातून दिसणारे थकलेले डोळे. पन्नाशीच्या असाव्यात. नाव नूरा. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे मी त्यांना उस्ताजा म्हणू लागलो, म्हणजे बाई.

"आवाज काढून टाकायचाय," त्या म्हणाल्या.

"कुठला आवाज?"

त्यांनी डिकीवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. गाडी खाली गेली, वर आली. *किर्र... खट.* दाराचं जुनं बिजागर आणि कोणाची तरी पाठ मोडल्याचा आवाज एकत्र व्हावा तसं काहीतरी.

मी सांगितलं, पाटे एकमेकांवर घासतात, तो आवाज. मधे पट्ट्या घालतो, ग्रीस भरतो, निम्मा कमी होईल.

"ग्रीस माझे वडील दर वर्षी भरायचे. मला पाटेच नकोत." त्यांनी फोनवर चित्र दाखवलं. पाटे काढून टाकायचे, मागचा ॲक्सल चार दांड्यांनी धरायचा आणि दोन्ही बाजूंना शॉकअपवर चढवलेल्या गुंडाळीच्या स्प्रिंगा. काम मला येत होतं, पूर्वी केलंही होतं. पण मी जरा कुरकुरलो. म्हटलं, जुन्या गाडीचं मूळ अंग कापलं की शौकीन नाक मुरडतात, पुढे विकायला त्रास.

"विकायची नाही," त्या म्हणाल्या. "ही माजिदची गाडी आहे."

माजिद त्यांचा थोरला भाऊ. नूराबाई शाळकरी होत्या तेव्हाची गोष्ट. धुळीच्या दिवसांत एका दुपारी तो ही गाडी घेऊन शहराबाहेर वाळूच्या टेकड्यांकडे गेला. इथल्या पोरांना तो नाद असतो. संध्याकाळपर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली. टेकड्यांच्या तोंडाशी डावं मागचं चाक वाळूत रुतलेली, चालकाचं दार उघडं, किल्ली जागेवर. माजिद सापडला नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. वडिलांनी गाडी घरी आणली आणि मरेपर्यंत चालती ठेवली. आईने त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढू दिली नाही. मयत नाही तर नमाज कसली, म्हणायची. आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर हे लोकांना समजतं. समुद्रावर गेलेला माणूस आला नाही, की त्याच्या घरात जिवंत आणि मेलेला यांच्यामधली एक तिसरी जागा तयार होते. तिथे तो राहतो.

"आईला आता दिसत नाही," नूराबाई म्हणाल्या. "पण गाडीचा आवाज ओळखते. माजिद यायचा तेव्हा फाटकाशी एक उंचवटा होता, त्यावरून गाडी आली की हा आवाज व्हायचा आणि ती भांडं चुलीवर ठेवायची. आता गाडी अंगणात उभी असते, कोणी चालवत नाही, तरी आईला आवाज येतो. भर दुपारी उठते, फाटकाकडे जाते. परवा रस्त्यावर गेली. टँकरवाल्याने वेळीच ब्रेक मारला म्हणून वाचली."

"उभ्या गाडीचा आवाज?"

"वाऱ्याने हलत असेल."

वाऱ्याने गाडी हलते, नाही असं नाही. पण पाटे बोलतात ते वजनाने. कोणी बसलं, कोणी उतरलं, तरच. नूराबाईंना हे ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना आई टँकरखाली जायला नको होती, एवढंच.

"ठीक आहे," मी म्हटलं. "गाडीत कोण बसणार?"

त्या जराशा दचकल्या. मग म्हणाल्या, "मी. मी चालवणार. आणि आई बाजूला."

आमच्या गॅरेजात मी आणि सालेह असे दोघेच होतो. सालेह येमेनचा, वेल्डर, वयाने माझ्याहून थोडा मोठा. हात असा की दोन पत्रे जोडल्यावर जोड कुठे हे शोधावं लागायचं. तो मला अबू जुनैद म्हणायचा, कारण माझ्या मुलाचं नाव जुनैद. गाडी लिफ्टवर घेतली आणि पाटे उतरवले. उजवे सहज आले. डाव्या पाट्यांच्या मधून वाळू गळायला लागली. बारीक, तांबूस. सालेह म्हणाला, इतकी वर्षं धुतली तरी वाळू राहते. मीही म्हटलं, राहते. पण ती गळत राहिली. पाटे बाजूला ठेवले, वाळू झाडून डब्यात भरली, डबा ओतून आलो, तर खाली पुन्हा छोटा ढीग. सालेहने खालच्या आवाजात कुराणातली आयत पढली आणि केरसुणी घेतली. त्यावर आम्ही बोललो नाही. वाळवंटात वाळू सापडली म्हणून कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी सनाया बंद झाला. उन्हाळा लागला की भर दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. शटर खाली, रस्ता पांढराफेक, पत्रे तापून टणटण वाजतात. मी डबा उघडून जेवत होतो. समोर गाडी लिफ्टवर टांगलेली, मागचा ॲक्सल काढलेला, पाटे भिंतीशी. फोन वाजला. नूराबाई.

"तुम्ही आत्ता गाडी इकडे आणली होती का?"

"नाही उस्ताजा. गाडीला मागची चाकंच नाहीत."

फोनवर त्यांच्या मागून एक म्हातारा आवाज ऐकू येत होता, घाईघाईत कोणालातरी काहीतरी सांगणारा.

"आई म्हणते, तो फाटकाशी येऊन गेला. मी तिला धरून ठेवलंय." मग हळूच, "मुहंदिस, मीही आवाज ऐकला."

भिंतीशी ठेवलेल्या पाट्यांकडे पाहायचं धाडस मला झालं नाही, हे खरं सांगतो. मी पाठ वळवून जेवण संपवलं.

घरी बायकोला सांगितलं. रेहाना तिथल्या सरकारी इस्पितळात नर्स होती, डोळ्यांच्या वॉर्डात. माणसांचं रडणं आणि आरडाओरडा रोज पाहणारी बाई भुताला घाबरत नाही.

"अहो, दिसणं गेलं की कान जास्तीचं ऐकतात," ती म्हणाली. "आणि घरात एकाने ऐकलं की दुसऱ्याला ऐकू येतंच. वॉर्डात मी रोज बघते."

मुलगी अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट मेटल. उन्हात एक्स्पांड होतं."

"घरातलं सगळं विज्ञान तुमच्याकडे," मी म्हटलं, "पाटे माझ्याकडे आहेत आणि गाडी तिथे नाही."

रेहानाने माझ्या ताटात भात वाढला आणि विषय बदलला. पण झोपायच्या आधी तिने आपणहून विचारलं, "त्या बाईंच्या आईचं नाव काय?" मला माहीत नव्हतं.

काम पुढे चाललं. सालेहने चौकटीवर दांड्या अडकवायला नवे कान वेल्ड केले. या चार दांड्यांचं काम असं, की ॲक्सल वर-खाली जाऊ शकतो पण पुढे-मागे किंवा आडवा सरकत नाही. पाटे दोन कामं करायचे; वजन झेलायचं आणि ॲक्सल धरून ठेवायचा. आता धरणाऱ्या दांड्या वेगळ्या आणि झेलणारी स्प्रिंग वेगळी. प्रत्येकाला एकच काम दिलं की तो ते नीट करतो. स्प्रिंगखाली एक आट्यांची कडी असते, ती फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते. शेवटचं काम हेच, उंची लावणं. आणि ते चालकाच्या जागेवर वजन ठेवून करायचं असतं, कारण गाडी रिकामी धावत नाही. आता मुख्याध्यापिकेला वजन कसं विचारणार? मी अंदाजाने तांदळाची पोती आणली, चालकाच्या सीटवर ठेवली आणि दोन्ही बाजू चाकाच्या कमानीपाशी सारख्या करून घेतल्या. तिथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे वजन डावीकडे. पोती काढली की डावी बाजू जराशी उठायला हवी.

पोती काढली. डावी बाजू उठली नाही.

मी टेप लावला. सालेहने लावला. गाडी हातांनी दाबून सोडली; नवं काम, आवाज शून्य, मऊ गेली आणि आली. डावी बाजू होती तिथेच थांबली. दोन बोटं खाली. जणू पोती आतच होती.

असं झालं की धंद्यातला माणूस घाबरत नाही, चिडतो. मला वाटलं सांध्यांतले रबरी बुश अडकले. बुशांचे बोल्ट गाडी टांगलेली असताना आवळले, तर रबर पिळलेलं राहतं आणि गाडीला धरून ठेवतं. आम्ही तसं केलं नव्हतं, तरी सगळे ढिले केले, गाडी जमिनीवर उभी केली, पुन्हा आवळले. डावी खाली. मग दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल केली. आमच्याकडे ही शेवटची कसोटी. डावी स्प्रिंग कमजोर असेल तर आता उजवी बाजू बसेल. उजवी ठणठणीत उभी राहिली. डावी बसलेलीच.

मी कडी फिरवून डावी बाजू जबरदस्तीने वर घेतली. सारखी केली. सकाळी गॅरेज उघडलं तर पुन्हा दोन बोटं खाली.

"सालेह, आत बसून बघ जरा," मी म्हटलं. "तू बसल्यावर किती जाते ते पाहू."

सालेहने हातमोजे काढले, नीट एकावर एक ठेवले. "अबू जुनैद, तुझ्यासाठी मी छपरावरून उडी मारेन. त्या सीटवर बसणार नाही."

"का?"

"कोणाच्या मांडीवर बसू?"

मी हसायचा प्रयत्न केला. मग मीही बसलो नाही.

त्याच आठवड्यात नूराबाई आईला घेऊन आल्या. गाडी घरून गेल्यापासून म्हातारी जेवत नव्हती. तिला हाताने गाडी दाखवली की शांत होईल, असं त्यांना वाटलं. म्हातारी अगदी लहानखुरी होती, मनगटं काडीसारखी, हात सतत थरथरणारे. मी सलाम करून खाला म्हटलं, म्हणजे मावशी. तिने माझ्या दिशेने तोंड केलं आणि मान हलवली.

ती गाडीच्या नाकापासून हात फिरवत निघाली. बॉनेट, आरसा, दार. चालकाची काच खाली होती. तिने हात आत घातला. खांद्याच्या उंचीवर तो हात थांबला. आता म्हाताऱ्या माणसाने हवेत हात धरला, तर तो क्षणात लोंबायला लागतो. हा लोंबला नाही. टेकलेला होता. आणि मी स्वतः पाहिलं, तो थरथरायचा थांबला.

सालेह मागच्या पावलांनी शटरपर्यंत गेला.

"वलदी," म्हातारी मला म्हणाली. वलदी म्हणजे पोरा. "तू याचा आवाज काढून घेतलास?"

"हो खाला."

"मग तो आला हे मला कळणार कसं?"

"युम्मा," आईला हाक मारताना नूराबाईंचा आवाज फुटला, "तो येत नाही. तो गेला. इतकी वर्षं झाली. तू टँकरखाली जाणार होतीस!"

"तो रोज येतो." म्हातारी शांतपणे बोलत होती, पोरीला समजावल्यासारखं. "फाटकाशी येतो, थांबतो, निघून जातो. मी पोचेपर्यंत थांबत नाही. दारात गाडी थांबली आणि घरातून कोणी उतर म्हटलं नाही, तर माणूस काय करेल? त्याला कोणीतरी उतर म्हणायला हवं. तुझा बाप म्हणाला नाही. त्याने नुसतं ग्रीस भरलं."

गॅरेजात एसी नव्हता, बाहेर ऊन आग ओकत होतं, आणि माझ्या दंडावर काटा आला होता.

"मला तिथे ने," म्हातारी म्हणाली. "जिथे गाडी सापडली तिथे. तुम्ही मला कधी नेलंच नाही."

नूराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी धंद्याचंच सांगितलं. म्हटलं, रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय मी गाडी देत नाही. तुम्ही चालवा, आम्ही पिकअप घेऊन मागे राहतो.

शुक्रवारी सकाळी निघालो. आकाश स्वच्छ होतं, मग हळूहळू मातकट झालं. सूर्य पांढऱ्या थाळीसारखा झाला, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. पुढे काळी गाडी, मागे आमची पिकअप. मागून गाडीचं अंग नीट दिसतं; खड्ड्यावरून गेली की मी काम तपासत होतो. काम सुंदर झालं होतं. उंचवटे गिळत, एक चकार शब्द न काढता गाडी चालली होती. फक्त डावी बाजू खाली. नूराबाई चालवत होत्या, तेव्हा थोडी खाली असणारच.

"इतकी?" सालेह म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "इतकी नाही."

चालकाच्या जागेवर दोघं बसल्यासारखी ती गाडी चालली होती.

डांबरी संपली, कठीण जमिनीवरून थोडं आत गेलो आणि टेकड्या सुरू होतात तिथे नूराबाईंनी गाडी थांबवली. आम्ही मागे थांबलो, उतरलो, पण जवळ गेलो नाही. नूराबाई उतरल्या. चालकाचं दार उघडंच राहिलं. त्यांनी आईला उजवीकडून उतरवलं. आता गाडीत कोणी नव्हतं. उजवी बाजू वर आली. डावी तिथेच.

म्हातारीने लेकीचा हात सोडवला. बॉनेटवर हात टेकत टेकत ती पुढून वळसा घालून चालकाच्या दारापाशी आली. तोपर्यंत वारा होता, माझ्या शर्टाची बाही फडफडत होती. बाही खाली पडली. वारा थांबला होता. ती काय बोलली ते इतकं स्वच्छ ऐकू आलं, की जणू माझ्या कानाशी बोलत होती.

"माजिद. पोचलास रे. उतर आता."

काही झालं नाही. नूराबाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

"उतर, बाळा," म्हातारी म्हणाली. "गाडी नूराला दे. तिला चालवता येते."

मग ती एक पाऊल मागे सरली. आत बसलेल्या माणसाला उतरायला जागा करून देतो ना आपण, तसं. आणि गाडीची डावी बाजू उठली. झटक्याने नाही. माणूस आधी एक पाय बाहेर टाकतो, मग दाराला धरून उभा राहतो, तेव्हा गाडी जशी दोन टप्प्यांत उठते तशी उठली. आवाज आला नाही. सालेहने माझं मनगट पकडलं होतं, त्याची नखं रुतली होती.

म्हातारीचं तोंड दारापासून हळूहळू टेकड्यांकडे वळत गेलं. आंधळी माणसं पावलांचा माग कानाने काढतात तसं. बराच वेळ ती तशी उभी होती. मग तिने खांदे सोडले आणि तिचे हात पुन्हा थरथरू लागले.

मी जवळ गेलो. धंद्याची सवय, खिशातला टेप काढला. डावी, उजवी. हवी तशी. दाराजवळ वाळूत काही खुणा आहेत का ते मी पाहिलं नाही. मुद्दाम नाही पाहिलं.

"सगळं ठीक?" नूराबाईंनी विचारलं. डोळे वाहत होते, आवाज मुख्याध्यापिकेचा होता.

"ठीक आहे उस्ताजा. खलास, काम झालं."

परत जाताना म्हातारी लेकीला म्हणाली, की इमामांना सांग, नमाज पढायची. मयत समोर नसताना पढतात ती, गायबाना. हे मला नूराबाईंनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं आणि विचारलं, तुम्ही याल का? मी कधी न पाहिलेल्या माणसाच्या जनाज्याला मला बोलावणं होतं. मी घरी सांगितलं तेव्हा रेहानाने वाद घातला नाही. "मीही येते," म्हणाली, "बायकांच्या बाजूला त्यांच्या आईजवळ कोणी तरी हवं." तिला आता नाव कळलं होतं, हुस्सा.

त्यांच्या वस्तीतली मशीद लहान होती. घरातले पुरुष, काही जुने शेजारी, माजिदच्या वर्गातले दोनतीन पांढऱ्या दाढीचे लोक. त्यांचा दोस्त त्यांच्या आठवणीत अजून वीस-बावीसचाच होता, आणि ते एकमेकांकडे पाहून गडबडून जात होते. सालेह माझ्या शेजारी. इमामांनी माजिदचं आणि त्याच्या बापाचं नाव घेतलं आणि सांगितलं, की हा माणूस आपल्यात नाही, त्याच्यासाठी उभे राहा. समोर कफन नाही, जनाज्याची खाट नाही, रिकामी फरशी. 'अल्लाहू अकबर'च्या चार तकबिरी झाल्या. माझ्या मागे कोणीतरी मोठा माणूस लहान मुलासारखा रडत होता.

बाहेर आलो तर ऊन कलत होतं आणि काळी गाडी सावलीत उभी होती. नूराबाई चालकाच्या जागेवर बसल्या. रेहानाने हुस्सा खालांना दंडाला धरून आणलं आणि बाजूच्या सीटवर बसवलं. मी दार लावायला पुढे झालो. म्हातारीने दारावर हात ठेवून मला थांबवलं. डोकं जरासं वाकडं करून ती गाडीच्या आतलं काहीतरी ऐकत होती.

"नूरा," तिने विचारलं, "गाडीत आणखी कोण आहे?"

नूराबाईंनी मागच्या सीटकडे वळून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"कोणी नाही, युम्मा. आपण दोघीच."

म्हातारीने मान हलवली आणि हात काढून घेतला. मी दार लावलं.

"मग यल्ला," ती म्हणाली, "घरी चल. मला भूक लागलीय."